हुलिगेम्माचा कागदी हट्ट

हुलिगेम्माला गावात कुणी हट्टी म्हटलं तर ती रागावत नाही. हट्ट नसता तर मी अजून फुंकणी घेऊन चुलीपुढंच बसले असते, असं उलट तीच ऐकवते. आणि त्यात खोटं काय? नवरा खाणीच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. ती तांबडी धूळ वर्षानुवर्षं छातीत घेऊन माणूस खोकत खोकत गेला. मागं एक जुनी गाडी राहिली. धाकटा दीर तिप्पेस्वामी म्हणाला, विकून टाकू. ही म्हणाली, विकायचं नंतर बघू, आधी मला चालवायला शिकव. आता ती रोज हिरेगुड्डाहून संडूरला सवाऱ्या नेते. पहिल्या दिवशी जे दात काढून हसले होते, तेच पुढं तिच्या गाडीतून दवाखान्यात गेले. असो.

गाडीत तिचा खरा जीव एका जिनसेवर, एअर फिल्टरवर. इंजिन हवा ओढतं आणि हा फिल्टर त्याच्या तोंडावर धूळ अडवतो. आमच्या रस्त्यावर खनिजाच्या लॉऱ्यांची रांग लागते; पुढचं काही दिसत नाही अशी धूळ. हुलिगेम्मा कागदी फिल्टर वापरायची. भरला की काढायचा, फेकायचा, नवा बसवायचा. फुंकर मारून पुन्हा लावणं नाही, की आपटून झाडणं नाही.

नाक्यावरचा मेकॅनिक होन्नूरसाब वर्षभर तिच्या मागं लागला होता. त्याच्याकडं सुती फिल्टर होता, कापडाचा. धुवायचा, वाळवायचा, त्याला तेल लावायचं, की वर्षानुवर्षं बघायला नको. हुलिगेम्मा त्याला 'इंजिनाचा परकर' म्हणायची. तिचं म्हणणं सरळ होतं. तेल कमी पडलं तर बारीक धूळ आत जाणार, जास्त झालं तर सेन्सर बिघडणार, आणि नीट वाळेपर्यंत गाडी दारात उभी राहणार. एवढे लाड कोण करणार? होन्नूरसाब म्हणायचा, अक्का, माझं कापड बरं, तुझा कागदही बरा, पण तुझ्या हट्टाला औषध नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्याचा पेपर होता. भाग्या ही तिप्पेस्वामीचीच पोर, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. मागच्या खेपेला एका विषयात नापास झाली होती. तेव्हा तिप्पेस्वामी चार माणसांत बोलून बसला होता की यंदाही नापास झाली तर बास झालं शिक्षण, कूडलिगीचं स्थळ आलंय, उरकून टाकू. पोरीनं ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. हुलिगेम्मानं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, तू अभ्यास कर, पेपरला पोचवायचं माझ्याकडं लागलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गावातली सगळी वाहनं धुतली. गाडीला झेंडूच्या माळा झाल्या, चाकाखाली लिंबं चिरडली, कोहळा फुटला. गाडी धुण्याचं काम तिप्पेस्वामीनं सकाळीच आपणहून घेतलं होतं. दसऱ्याला कुणी हत्यार उचलत नाही, गाड्याही उभ्या असतात. दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून झाली आणि हुलिगेम्मानं सहज इंजिन चालू करून बघितलं. ते गुदमरल्यासारखं घरघरलं. तिनं चिमटे सोडून फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद भिजून फुगला होता, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, मधे बोट जाईल एवढी चीर. आणि वास? शिकेकाईचा.

कागदी फिल्टर पाण्यानं धुतात का कुणी? धुणारा घरात एकच होता. त्याला उद्याचा पेपर नकोच होता, असं तिच्या मनानं घेतलं आणि ते निघेना. जाऊन त्याची गचांडी धरावी असं फार वाटलं. पण भाग्या आत पुस्तक घेऊन बसली होती, आणि घरात तमाशा झाला असता तर तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. हुलिगेम्मानं तो कागद काढून सीटखाली सारला. घरात जादा फिल्टर नव्हता, संडूरची दुकानं दहाला उघडणार. शेजारचा म्हणाला, एक दिवस बिनफिल्टरची चालव की. ती म्हणाली, "एक दिवस एक दिवस करतच माझा नवरा गेला." आणि थेट नाक्यावर गेली.

होन्नूरसाबच्या दुकानात पाने, हातोड्या, जॅक सगळं फुलांखाली मांडलेलं. तो सुती फिल्टरही, नवाकोरा, पाकिटासकट त्या पूजेतच. होन्नूरसाबनं कान पकडले. त्याच्या उस्तादाचा नियम होता, उत्तरपूजा झाल्याशिवाय मांडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. उद्या आठला ये म्हणाला. आठला पोरगी परीक्षेच्या फाटकात हवी होती.

"साब, देवीनं हत्यारं घेतली ती फुलांखाली ठेवायला घेतली होती का?" हुलिगेम्मा म्हणाली. "पाप लागलं तर माझ्या नावावर मांड."

तिनं हात जोडले, फुलं अलगद बाजूला केली आणि पाकीट उचललं. ती बाहेर पडताना होन्नूरसाब एवढंच म्हणाला, "अक्का, परकर जपून नेस."

फिल्टर चपखल बसला. नवा होता, कंपनीनंच तेल लावून दिलेलं. सकाळी गाडी निघाली. घाटात लॉऱ्यांची रांग, काच पुसून पुसून हात दुखले, पण इंजिन एकदाही अडखळलं नाही. फाटक उघडायच्या आधी भाग्या संडूरला उतरली. दोड्डम्मा, जाते, म्हणाली आणि वाकून थोरल्या काकूच्या पाया पडली. हुलिगेम्मानं तिला पाठीत धपाटा घालून आत पिटाळलं.

मग ती तडक घरी आली. तिप्पेस्वामी पडवीत बसला होता. तिनं तो फुगलेला कागद त्याच्या पुढ्यात टाकला.

"पोरीचं वाटोळंच करायचं होतं तर सरळ सांगायचंस. माझ्या गाडीवर कशाला उठलास?"

त्यानं तो कागद उलटसुलट करून बघितला. धुतल्यानं तो बिघडतो हे त्याच्या गावीही नव्हतं. तांबडा मळ निघता निघेना म्हणून घरातली शिकेकाई आणि दात घासायचा ब्रश घेऊन तो त्याची एकेक घडी घासत बसला होता.

"वहिनी, भाग्या त्यातनं जाणार होती," तो म्हणाला. "म्हटलं, धुवायचं काही राहू नये. देवीनं बोट ठेवायला जागा नको."

"आणि कूडलिगीचं स्थळ?"

"तोंड आहे माझं, चालतं. पोर पास झाली तर मी कशाला लग्नाचं काढू?"

रात्रभर मनात या माणसाला शिव्या दिल्याची हुलिगेम्माला लाज वाटली, आणि हसूही फुटलं. गाडीला हात लावू नको असं ती याला सांगू शकली असती. पण पुढच्या आयुधपूजेला हा पुन्हा बादली घेऊन उभा राहणार, आणि त्याला अडवायचं तिला आता जिवावर आलं असतं.

"ऐक," ती म्हणाली. "कागद बंद आजपासून. सुतीच राहील. आणखी एक आणू, एक धुतला की दुसरा गाडीत. धुवायचा तूच. शिकेकाई नाही, ब्रश नाही, वाळवायचा सावलीत, आणि तेल होन्नूरसाब शिकवील तेवढंच, एक थेंब इकडं तिकडं नाही. जमेल?"

त्यानं मान हलवली. कागद उचलून उकिरड्यावर टाकून आला. परत येऊन खांबाला टेकला, रस्त्याकडं बघत.

"वहिनी, अवघड असेल का हो पेपर?"

"असू दे," हुलिगेम्मा म्हणाली. "बारापर्यंत बसायचंय तिला. चल, आणायला तूही चल."