बापू टेलरचं मोनॅको

शिंप्याच्या मशीनखाली कधी वाकून बघितलंय? कात्रणांचा ढीग असतो. एकाही तुकड्याचा धड रुमाल होत नाही, पण टाकून द्यायचं म्हटलं तर हात होत नाही. किस्स्यांचं तसंच असतंय बघा. मी उभा जन्म मंगळवार पेठेत सायकली भाड्यानं दिल्या आणि पंक्चरी काढल्या. शेजारी बापू टेलरचं दुकान. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक बसून राहतं आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक तोंड मिटून कधी बसलेलं मी तरी बघितलं नाही. त्यामुळं कात्रणं साठत गेली. आज त्यातली निळ्या रंगाची तेवढी निवडून वाकळ शिवतोय. टाके वाकडे पडले तर सांभाळून घ्या, सातवी नापास माणसाचा हात आहे!

*

निळा रंग आला तो कॅलेंडरवरनं.

कागलकडचे एक साहेब विलायतेला जाऊन आले होते. तिकडं खाऊन-पिऊन पोट सुटलं, म्हणून पॅन्टी ढिल्या करायला बापूकडं आले. पॅन्टीबरोबर एक कॅलेंडर देऊन गेले. त्यावर चित्र असं की बघतच बसावं. निळंशार पाणी, पांढऱ्या होड्या, डोंगराच्या उतारावर उतरंड रचल्यासारखी घरं. खाली इंग्रजीत नाव.

बापूनं मला हाक मारली. "नाना, वाच की. तुला एबीसीडी येतीया."

मी एकेक अक्षर टोचून टोचून वाचलं. "मो... ना... को."

आतल्या बाजूला शेवंतावहिनी काजं करत बसायची. बापूची बायको. ती तिथनंच म्हणाली, "काय नको?"

"नको न्हवं वहिनी, मोनॅको! देश हाय ह्यो. समुद्राच्या काठाला."

वहिनी सुई पदराला टोचून उठली, चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मला हितं जायचंय."

बापूच्या दातात दोरा होता. तो न सोडताच बापू म्हणाला, "नको."

"बघा भावजी," वहिनी माझ्याकडं वळली, "त्या गावाच्या नावातच नको हाय, आणि हेंच्या तोंडातबी तेच हाय. मी मरस्तवर आमचं जमणार न्हाय!"

*

इथं दोन गोष्टी सांगायला पाहिजेत.

एक, बापूची 'नको' म्हणायची सवय. चहा घेणार? "नको." आणि हात पुढं. पान खाणार? "नको," आणि तोंड उघडं. नको म्हणजे हो, नको म्हणजे नको आणि नको म्हणजे बघू, असे तिन्ही अर्थ होते. कुठला कुठं लावायचा ते फक्त वहिनीला कळायचं.

दुसरी गोष्ट, बापूचा शब्द. लग्न ठरवायला हा कोडोलीचा गडी मुरगूडला गेला, तेव्हा पोरीला इंप्रेस करायला बोलून बसला, "मी तुला समुद्र दाखवतो." पोरगी तेवढ्यावर हो म्हणाली. लग्न झाल्यावर बापूनं तिला रंकाळ्यावर नेलं आणि हात पसरून म्हणाला, "घे, ह्यो बघ!"

नवी नवरी टाचा उंचावून बघत म्हणाली, "अवो, पलीकडचा काठ दिसतोय की!"

तेव्हापासनं तो शब्द तसाच लोंबकळत होता, बटण तुटलेल्या शर्टासारखा. बापूनं स्वतः तरी समुद्र कुठं बघितला होता! उन्हाळ्यात लग्नसराई, पावसाळ्यात शाळेचे युनिफॉर्म, पुढं गणपती, दसरा, दिवाळी. मशीन थांबेल तर माणूस हलेल. वहिनी माहेर आणि जोतिबा सोडून कुठं गेली नव्हती.

*

कॅलेंडर भिंतीवर आलं आणि दुकानात रोज संध्याकाळी मोनॅकोची मीटिंग भरायला लागली. आम्ही तिघं कायमचे. मी, दूधवाला गणपा आणि भूगोलाचे मास्तर. गणपा तालमीतला गडी, चार म्हशींचा मालक. मास्तरांनी नकाशाशिवाय काही बघितलं नव्हतं, पण नकाशा पाठ होता.

मास्तर म्हणाले, "हा देश इतका लहान आहे की एका टोकाला उभं राहून, आपण पंचगंगेच्या घाटावरून मारतो तसा दगड मारला तर पलीकडच्या देशात पडेल."

गणपाला काळजी लागली. "एवढूशा देशात म्हशी कुठं बांधत्यात?"

"म्हशी नसतात तिथं."

"मग दूध?"

"बाटलीतनं."

गणपा हादरला. धार काढली की फेसासकट पेला तोंडाला लावणारा माणूस तो! बापूचा हात धरून म्हणाला, "बापू, माझं ऐक. शिळं दूध पिणाऱ्या देशात वहिनीला नेऊ नगंस!"

मास्तरांनी सावरून घेतलं. "पण तिथं राजा आहे हो."

"राजा हाय?" गणपाचा चेहरा उजळला. "मग जावा. आपलंच गाव म्हणायचं!"

"आणि तिथं जुगाराचा मोठा वाडा आहे. उघडपणे खेळतात."

"उघड? मग पोलीस काय करत्यात?"

मी म्हटलं, "दार उघडत्यात!"

*

कॅलेंडरच्या कोपऱ्यात वाळूवर पहुडलेल्या दोन-तीन बायका होत्या. अंगावर कपडा म्हणाल तर दोरा आणि दोन ठिगळं. गणपा तिकडं पाठ करून बसायचा, तालमीतला ना! पण बसायची जागा अशी निवडायचा की समोरच्या आरशात कॅलेंडर दिसावं.

बापूनं मात्र ते चित्र टेपनं मोजावं तसं बघितलं. कपाळाला आठ्या घालून मला म्हणाला, "नाना, एवढ्याशा कापडात तिथला शिंपी जगतो कसा रे?"

आतनं आवाज आला, "तुम्ही ज्या वक्ताला शिवून देतासा, त्या हिशोबानं तेवढंच बरं! निदान येळंत मिळंल तरी."

*

मग एकदा बापूच्या डोक्यात आलं की जायचं तर तिथली भाषा यायला पाहिजे. मास्तर म्हणाले, "फ्रेंच बोलतात." पण मास्तरांना ती येत नव्हती. मी म्हटलं, "मला येती की. मिलिटरीतल्या दोस्तानं शिकवलीया."

आता मला कसली फ्रेंच! पण कोपऱ्यावर उडपी हॉटेल होतं. तिथली माणसं एकमेकांत तुळू बोलायची, ती आमच्या पेठेत कुणाच्या बापाला कळत नव्हती. मी आचाऱ्याच्या सायकलीत फुकट हवा भरून चार शब्द गोळा केले आणि बापूला विकले. 'एंच उल्लर' म्हणजे कसं काय आहात. 'नीर' म्हणजे पाणी. 'वनस आंडा' म्हणजे जेवलात का.

बापूनं मनापासनं घोकलं. मशीनचं पायडल मारता मारता चालायचं, "एंच उल्लर, एंच उल्लर, वनस आंडा!" गिऱ्हाइकांना वाटायचं, कुठल्या तरी देवाचा जप चाललाय.

एक दिवस आम्ही त्याच हॉटेलात गेलो. गल्ल्यावर मालक अण्णा. मी बापूला कोपरानं ढोसलं. "म्हण की, प्रॅक्टिस होईल."

बापूनं कॉलर नीट केली आणि म्हणाला, "एंच उल्लर?"

अण्णाच्या हातातली चिल्लर खाली सांडली! गल्ला सोडून बाहेर आला, बापूचे दोन्ही हात धरले आणि सुटला तुळूतनं. डोळ्यांत पाणी त्याच्या. किती वर्षांनी गिऱ्हाईक गावच्या भाषेत बोललं म्हणून! बापूला ओ की ठो कळत नव्हतं, पण अण्णा श्वास घ्यायला थांबला की बापू प्रेमानं विचारायचा, "वनस आंडा?" अण्णा तर विरघळलाच. त्या दिवशी मसाला डोसा मालकाकडनं आणि चटणी परत परत!

बाहेर आल्यावर बापूनं मला बाजूला ओढलं. "नाना, माणसाचं काय सांगावं बघ. तोंड बघून वाटत न्हाय, पण फाडफाड फ्रेंच बोलतोय! त्येचं मोनॅकोत घर असणार!"

दुकानात येऊन बापूनं वहिनीला सांगितलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या हातात सुई होती, म्हणून मी लवकर घरी गेलो.

*

परदेशाला जायचं तर पासपोर्ट, आणि पासपोर्टला फोटो. एवढं तरी करू म्हणून बापू वहिनीला फोटो स्टुडिओत घेऊन गेला. मी गणपाला घेऊन आधीच तिथं जाऊन फोटोग्राफरला फितवलं होतं. तेव्हा स्टुडिओत रंगवलेले पडदे असायचे. बागेचा, महालाचा, चंद्राचा. मी त्याला म्हटलं, "ह्यांच्या मागं समुद्राचा सोड!"

दोघं स्टुलावर बसली. मागनं निळा पडदा भसकन खाली आला. त्यावर समुद्र, होडी, नारळाची झाडं. गणपा हसून हसून भिंतीला टेकला. बापूसुद्धा हसला.

काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोग्राफर ओरडला, "वहिनी, हसा की!"

वहिनी हसली नाही.

दुकानापाशी आल्यावर कॅलेंडरकडं बघत ती एवढंच म्हणाली, "एका चित्रातनं उठून दुसऱ्या चित्रात बसून आले. पाय काय भिजलं न्हाईत."

आणि काजं करायला बसली. त्या संध्याकाळी बापूचं मशीन चाललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी एक नवरदेवाचा बाप दुकानात आला. लग्नसराई ऐन भरात, बापूच्या फळीवर कापडाचे गठ्ठे.

"बापू, माझा सूट कधी देतोयस?"

"नको," बापू म्हणाला.

"काय नको?"

"सूट नको तुम्हाला. धोतरात उठून दिसतासा!"

तो गेला, दुसरा आला. त्याला बापू म्हणाला, "नको, तुम्हाला खादी शोभती, भांडारातनं तयार घ्या." तिसऱ्याला म्हणाला, "नको, तुमचं लग्नच पुढं ढकला!" ज्याचं कापड त्याला परत, दुपारपर्यंत फळी रिकामी. चार वाजता बापूनं दुकानाला कुलूप लावलं. माझ्या डोळ्यांदेखत. मे महिन्यात! पेठेत बातमी पसरली की बापू टेलरला लागिर झालंय.

*

सकाळी एस.टी. स्टँडवर निम्मी पेठ हजर. कुलूप लावताना बापू मला म्हणाला होता, उद्या सकाळी वहिनीला घेऊन एस.टी.नं निघतोय, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की बापू फॉरेनला निघाला! गणपानं तालमीतनं हलगीवाला आणला. मास्तरांनी हार आणले. अण्णा डोशाची पुरचुंडी घेऊन आला, त्याला कुणी तरी सांगितलं होतं की बापू मंगळूरला चाललाय.

बापू स्वतः शिवलेल्या कोटात. मे महिन्याचं ऊन, गळ्यात हार, घाम कॉलरीतनं खाली. शेजारी वहिनी हिरव्या साडीत, काखेत पिशवी, पिशवीत चटणी-भाकरी. आणि पुढ्यात उभी गाडी. पाटीवर लिहिलेलं, 'मालवण'.

मी गर्दीत सगळ्यात पुढं. बापू आता काय करतो ते बघायचं होतं मला! एवढ्या हलगीपुढं, एवढ्या हारांत, 'दोन मालवण' म्हणायचं कुठल्या तोंडानं?

कंडक्टर दारात उभा. दांडगा, मिशीवाला. "बोला पावणं, कुठलं?"

हलगी थांबली. बापूनं एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा वहिनीकडं. घसा खाकरला.

"दोन मोनॅको."

कंडक्टरनं कोट बघितला. हार बघितले. पाठीमागं दात काढून उभे असलेले आम्ही बघितले. शेवटी वहिनीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि गंभीरपणे तिकिटं पंच केली. खटक, खटक.

"डायरेक्ट गाडी न्हाय, पावणं. मालवणला उतरून बदला!"

*

दोघं परत आल्याचं कळलं तसे आम्ही संध्याकाळी दुकानात जाऊन बसलो. गणपा होता, मास्तर होते. बापू काळाठिक्कर पडला होता आणि मान खाली घालून कापड कापत होता. मी घरनं तयारी करूनच गेलतो, असं चिडवायचं की वर्षभर पुरावं.

"काय वहिनी," मी सुरुवात केली, "कसं काय हाय मोनॅको? राजा भेटला का न्हाय?"

वहिनीनं सुईत दोरा ओवला. गाठ मारली. बटण उचललं.

"कुठलं भेटतंय भावजी! कंडक्टरानं सांगितलं तसं मालवणला उतरलो की आम्ही. पण म्होरची गाडीच आली न्हाय."

"अरारा! मग काय केलंसा?"

"काय करणार? वाट बघितली. रोज सकाळी जायाचं आणि अंधार पडस्तवर बसायचं, पाण्यात पाय सोडून."

गणपा हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. वहिनीनं बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि बापूकडं बघून म्हणाली,

"मी ह्यास्नी म्हटलं, पुढल्या साली परत येऊन बघू, आली असंल तर. तर भावजी, हे 'नको' म्हणालं न्हाईत!"