आमटीचा कळस

एकदा आमच्या घरी आमटी ढवळायला शिडी लागली होती.

झालं असं, की भूगावात आम्ही नवीन घर घेतलं आणि पौडच्या पलीकडे राहणारे माझे सासू-सासरे पहिल्यांदाच ते बघायला यायचे होते. नेमका आदल्या दिवशी गॅस संपला!

"अहो, शेजारच्या काकूंकडे जादाचा सिलिंडर आहे. मागून आणा," सुनीता म्हणाली.

"मागायचा? मी इंजिनिअर आहे!"

ऑफिसात इंटरनेटवर मी रॉकेट चुलीबद्दल वाचलं होतं. खालच्या तोंडातून काटक्या सारायच्या, वरच्या धुराड्यातून रॉकेटसारखी ज्वाळा. धूर नाहीच! उरलेल्या विटा आणि चिखल घेऊन मी परसात बसलो. काटक्या कोण तोडत बसणार, म्हणून तोंड अख्खा ओंडका जाईल एवढं ठेवलं. धुराडं मात्र ठेंगणं.

पेटवली. धूर वर जाईचना! सगळा तोंडातून बाहेर, थेट माझ्या तोंडात! शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन धावत आल्या आणि खोकत होता तो माणूस विझवून गेल्या.

(तो मी.)

"प्रमाण चुकलं," मी निथळत म्हणालो. "धुराडं तोंडाच्या तिप्पट उंच पाहिजे."

"मग तोंड लहान करा की!"

"केलेलं काम मोडायचं? छे! तोंड दोन फूट, म्हणजे धुराडं सहा फूट!"

गणित चोख होतं. पातेलं बसावं म्हणून वर जाताना विटा आत आत घेत गेलो. सकाळी शिडी लावून वर तांब्याचं पातेलं चढवलं, त्यात आमटी. खाली ओंडके पेटवले. काय सांगू! घाट चढणाऱ्या एसटीसारखी चूल गर्जायला लागली. सुनीता पदर खोचून शिडीवर, हातात पळी.

एवढ्यात सासू-सासरे परसात आले. सासूबाईंनी ते निमुळतं बांधकाम पाहिलं, टोकाला चमकणारं तांब्याचं भांडं पाहिलं आणि झटकन चपला काढल्या.

"आगं बया! देऊळ बांधलंसा व्हय? लई बेस केलंत! आन् पोर कळसाची पूजा करतीया!"

"मामी, ती चूल..." मी म्हणेपर्यंत त्यांनी चुलीच्या तोंडापुढे वाकून हात जोडले होते.

"कोन्ती देवी हाय ही? लई जागृत दिसतीया!"

वर सुनीताला हसू आवरेना. पळी निसटली, पातेलं कललं आणि सगळी आमटी धुराड्यात! फुस्सऽऽ! आतून राखेचा असा लोट उठला की सासूबाई नखशिखांत पांढऱ्या!

"अंगारा!" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

चूल विझली. शेवटी काकूंचा सिलिंडर आला, पिठलं-भात झाला. जेवून हात धुता धुता सासऱ्यांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"जावईबापू, तुमी इंजिनेर हायसा म्हनं. पूल-बिल तर बांधत न्हाई न्हवं?"

"नाही मामा. मी कॉम्प्युटरवर काम करतो."

त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या हातून त्या दिवशी भांड्यात काही पडलं असेल, तर तेवढंच!