कॉल बंद करायच्या आधी

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात आठवडा काढला की शनिवारी मला कुठेही जायचं नसतं. पण बायकोने एका इस्रायली दिग्दर्शिकेच्या माहितीपटाची तिकिटं काढली होती, म्हणून गेलो. खेळ संपल्यावर बाई स्टेजवर आल्या. संयोजकाने त्यांच्या पुरस्कारांची यादी वाचायला घेतली, ती संपेचना. बाई माझ्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या. एवढ्या वर्षांत काय शिकलात, असं कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांच्या घरांत कॅमेरा घेऊन बसले. माणूस 'झालं, एवढंच' म्हणाला की कॅमेरा बंद करायचा नाही. खरं त्यानंतर येतं."

टाळ्या पडल्या. मला मात्र वैताग आला. असली वाक्यं टाळ्यांसाठीच असतात.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. जेवलास का, थंडी किती, गणपतीला येतोस का. "बघतो," मी म्हणालो. "बरं, ठेवते," आई म्हणाली. तिला कॉल बंद करता येत नाही, नेहमी मीच करतो. त्या दिवशी बोट हलवायचाही कंटाळा आला होता. स्क्रीनवर आमच्या हॉलमधला पंखा दिसत राहिला, आणि आईचा आवाज आला.

"अहो, यापुढे त्याला 'येतोस का' म्हणून विचारायचं नाही. नाही म्हणताना फार कसंनुसं होतं त्याला."

बाबा म्हणाले, "मी तर केव्हाच सोडलंय."

खरंच सोडलं होतं त्यांनी. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.