मार्कंड्याच्या वाळूतून माघारी

देवाला शिव्या देतच मी देवाच्या दारी चालले होते. माझे घरधनी लाकडाच्या डेपोत सागाचे ओंडके रचायचे. पुढे त्यांना साखरेची बिमारी निघाली. दोन वर्षं मी त्यांचं पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. लघवीतली साखर उतरली, तरी माणूस काही उभा राहीना. चार पावलं चालले की धापा टाकत बसायचे. पाय सुजले, तर बसून बसून सुजले, असं मीच म्हटलं. धानाची कापणी मी एकटीने केली आणि प्रत्येक पेंढीबरोबर त्यांचा उद्धार केला. शेवटी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवाला अनवाणी जायचा नवस बोलले. नवस माझा, पाय त्यांचे.

गाडी काठावर सोडून आम्ही वैनगंगेच्या वाळूतून निघालो. पलीकडे देवळाचं शिखर दिसत होतं, आणि हे मधेच मटकन खाली बसले.

“उठा! लोकं पाहून राह्यले. देवाच्या दारीबी आळस?” मी ओरडले.

बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन जत्रेला निघालेली एक म्हातारी थांबली. जंगलातल्या गावची असावी. टोपल्या उतरवून तिने यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आतला भाग कापसासारखा पांढरा होता.

“काऊन ओरडून राह्यली वो बाई? याच्या अंगात रगत नाई. माह्या पोरीचंबी असंच झालं होतं. आमी उशीर केला.”

“देवाचं दर्शन तरी...”

“देव कुठी पळून नाई जात. याले चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात ने!”

एवढं संतापून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. टोपल्या तशाच वाळूत टाकून तिने यांना एका बाजूने धरलं, दुसरीकडून मी. गाडीत बसवून ती मागे वळली. तिचं नावही मी विचारलं नाही.

चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने मूत्रपिंडं पोखरली आहेत, आणि ती बिघडली की अंगात रक्तही नीट तयार होत नाही. बाहेरून रक्त देऊ, थोडी ताकद येईल, पण दुखणं जाणार नाही. माझं रक्त जुळलं. ते बाटलीत उतरताना मी देवावर मनातल्या मनात तुटून पडले. मला आधी का नाही सांगितलंस? माझ्या तोंडून एवढं विष का ओकवलंस?

दुसऱ्या दिवशी यांच्या ओठांवर जरा रंग आला. मी त्यांचे पाय धरून रडले, सगळं कबूल केलं.

“रडू नको,” ते म्हणाले. “मलेबी वाटे, मी आळशीच झालो.”

त्या वाक्याने मी जेवढी जळले, तेवढी पुढे त्यांच्या चितेपाशीही जळले नाही.

पुढे आठ महिने ते होते. अंगणात बाज टाकून बसत, मी कांडताना माझ्याशी बोलत. देवावरचा माझा राग पुरता गेला नाही, आणि तसं खोटं मी त्याला सांगतही नाही. रोज दिवा लावताना तो रागही त्याच्यापुढे ठेवते. पण हात जोडते ते त्या आठ महिन्यांसाठी. मी नवऱ्याची ताकद मागायला निघाले होते. ती देणं देवाच्या मनात नव्हतं. माझा निर्दोष माणूस मात्र त्याने वेळेवर माझ्या ओटीत घातला.