गयाबाईंच्या तोंडचं वाक्य

पडद्यावर गयाबाई गुरुजींपुढे बोट रोखून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडापुढच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘गुरुजी, पोरीकडून झाडून घ्या, तिला वळण लागेल.’ माझा हात माउसवर तसाच राहिला. हे वाक्य मी टाकलेलं नव्हतं.

खऱ्या गयाबाई समोर पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी पंचशीला, साखरा गावची अंगणवाडी सेविका. ही चित्रकथा तिनेच काढलेली, तिच्याच लहानपणची. बौद्धवस्तीतली म्हणून गुरुजी रोज तिलाच वर्ग झाडायला लावायचे. एक दिवस आई शाळेत गेली आणि सगळ्या पोरांदेखत म्हणाली, “लेकरू शिकायला धाडलं, झाडायला न्हाई.” अख्खी चित्रकथा या एका वाक्यासाठी होती.

मी हिंगोलीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात प्रोग्रामर होते. जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. शाळांमध्ये कॉम्प्युटर यायला लागले होते आणि एका संस्थेला शाळांसाठी चित्रकथांची सीडी हवी होती. चित्रकथेसाठी फाइल फॉरमॅट बनवायचं काम माझ्याकडे आलं. फॉरमॅट म्हणजे फाइलच्या आत कुठे काय ठेवायचं याची ठरलेली मांडणी. जेवणाच्या डब्यात भाजीचा कप्पा वेगळा, पोळ्यांचा वेगळा, तसं.

पान स्कॅन करून जसंच्या तसं ठेवणं सोपं होतं. पण मग अक्षरंही चित्राचाच भाग होतात, ती बदलता येत नाहीत. संस्थेला तीच चित्रं उर्दू शाळांतही वापरायची होती. म्हणून मी चित्र एका कप्प्यात ठेवलं, फुगा कुठे येतो त्याची मापं दुसऱ्यात, आणि शब्द तिसऱ्यात. तेव्हा मराठी फॉन्टचा मोठा ताप असायचा. मशीनवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून फॉन्टही फाइलच्या आतच घातला. शब्द बदलायला एक छोटा प्रोग्राम दिला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्याच प्रोग्रामने संस्थेच्या समन्वयकांनी गयाबाईंचं वाक्य बदललं होतं. कुणाला न विचारता. आणि मला ते कळलं शिक्षकांनी भरलेल्या सभागृहात, डेमो चालू असताना.

गयाबाईंना वाचता येत नव्हतं. स्वतःचं चित्र मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

“ही मीच हाय व्हय?” त्या हसल्या. “काय म्हणून राहिले मी? वाच की.”

पंचशीला वाचेना.

“काहून गप बसलीस?”

पंचशीलाने पडद्याकडे न बघता आईला मूळ वाक्य सांगितलं. गयाबाईंनी मान हलवली. “बराबर,” त्या म्हणाल्या. मागे बसलेल्या सगळ्यांना वाचता येत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही.

डेमो संपल्यावर मी समन्वयकांना गाठलं.

“वाक्य कुणी बदललं?”

“मीच. अहो मॅडम, सीडी शाळेत जाणार. शिक्षकांना लागलं असतं ते. शिवाय स्वच्छतेचा संदेशही गेला.”

“घडलेली गोष्ट आहे ती. त्या बाई समोर बसल्या होत्या.”

“त्यांना कुठे वाचता येतं?”

माणूस तसा वाईट नव्हता, असं नंतर मला बऱ्याच जणांनी सांगितलं. सांगोत बापडे. जिला वाचता येत नाही तिच्या तोंडी काहीही घालावं, हे त्याला सहज सुचलं आणि ते बोलून दाखवताना लाजही वाटली नाही. त्याचा राग माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

पंचशीला फाटकाशी थांबली होती. “मॅडम, माय बोट दाखवून भांडून राहिली अन् फुग्यात असं लिवलं. मायला सांगू नका.”

ऑफिसात येऊन मी फॉरमॅट पुन्हा उघडला आणि त्यात एक आकडा वाढवला. त्याला चेकसम म्हणतात. पानावरच्या अक्षरांचा ठरावीक हिशोब करून तो काढायचा आणि फाइलमध्ये ठेवायचा. एक अक्षर बदललं तरी हिशोब जुळत नाही. बदललेल्या शब्दांसाठी नवा आकडा लेखकाच्या पासवर्डशिवाय काढता येणार नाही, अशी सोय केली. उर्दू अनुवादालाही पंचशीलाची संमती लागणार होती. हिशोब जुळला नाही तर पान उघडायचं, पण खाली लाल पट्टी यायची : ‘या पानावरचे शब्द लेखकाचे नाहीत.’

आमचे सर भडकले. “क्लायंटनं मागितलं होतं का हे?”

“नाही.”

“मग काढून टाक.”

“मूळ वाक्य परत घातलं की पट्टी आपोआप जाते, सर.”

“काम कुणासाठी करून राहिली तू?”

“तुमच्यासाठीच. पण खोटं बोलणारी फाइल मी देणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, हे सरांना माहीत होतं. ते तणतणत केबिनमध्ये गेले.

समन्वयकांनी पट्टी पाहिली. मूळ वाक्य काही परत घातलं नाही. अख्खी चित्रकथाच सीडीतून काढून टाकली.

ते सांगायला मी साखऱ्याला गेले. मला वाटलं, पंचशीला रडेल. ती म्हणाली, “काढली ते बरं झालं. माय शाळेत न्हाई दिसली तरी चालंल. दिसली तर तिचंच बोलणं बोलली पायजे.”

त्या जागी संस्थेने स्वच्छतेवरची दुसरी चित्रकथा घेतली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. तिच्यात झाडू मुलीच्याच हातात होता आणि मुलगी हसत होती. ती सीडी शाळाशाळांत गेली, माझ्याच फॉरमॅटमध्ये. लाल पट्टी कुठेच आली नाही, कारण ते शब्द लेखकाचेच होते आणि हिशोब चोख जुळत होता. शब्द बदलले की नाही, एवढंच चेकसमला कळतं.