शर्यतीत ब्रेक मारणारे मामा

मोबाइलवरच्या गाड्यांच्या शर्यतीत ब्रेक मारणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे ड्रायव्हरमामा. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जात आणि मामा वळणाआधी हॉर्नचं बटण शोधत बसत. सुरू करण्याआधी स्क्रीनला हात लावून कपाळाला लावत. तुमसरच्या तांदूळ गिरणीचा ट्रक चालवत तेव्हा रोज सकाळी स्टेअरिंगला लावत, तसाच. नंबर अर्थातच शेवटून पहिला.

हा नाद मीच लावला. शुगरनं मामांचे डोळे धरले आणि लायसन्स काही पुन्हा मिळेना. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे मामीच्या डोक्याला ताप. बिनसाखरेच्या चहापासून भांडणं सुरू. तेव्हा मी फोनवर तीन गेम टाकून दिले आणि स्वतःला फार हुशार समजले.

मामांनी तिन्ही गेम जुना ट्रक विकत घ्यायला गेल्यासारखे तपासले. पहिल्यात गाडी आपली आपणच पळे, आपण फक्त डावीउजवीकडे बोट लावायचं. "रेस आपोआप होते, मंग डायवर कायले पाह्यजे?" तो बाद. दुसऱ्यात गाडी भिंतीवर आपटली, की दोन सेकंदांत नवीकोरी होऊन रस्त्यावर उभी. त्यावर मामांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "असं असतं तं आमच्या लायनीतले किती जन आज जित्ते असते." तो गेम त्यांनी पुन्हा उघडला नाही.

तिसऱ्यात समुद्राकाठचा रस्ता होता आणि समोरून ट्रक येत. "हा खरा हाय. याच्यात समोरच्याले जागा द्या लागते." आणि ते खरंच जागा देत.

"मामा, शर्यत हाये हे," मी हसून म्हणे.

"असंन. माल पोचला पाह्यजे."

हळूहळू फोन नाकाजवळ जाऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी लेझर केलं, डोळ्यांत सुया दिल्या आणि शेवटी आहे तेवढी नजर सांभाळा म्हणाले. तेवढीही सांभाळता आली नाही. मला भयंकर राग येई, पण तो काढायचा कोणावर? मामांना एकदा, एकदाच, परत ट्रकवर बसायचं होतं. "लायसन कधी होते वो पोरी?" असं ते दर आठवड्याला विचारत आणि मी "होईन, मामा" म्हणे. खोटं बोलायला जीभ वळे, खरं बोलायला वळत नसे.

पुढे ते मलाच खेळायला लावून शेजारी बसत आणि नुसता आवाज ऐकत. "इंजन रडून रायलं, गेर बदल." त्या गेममध्ये गिअर नव्हताच. मी बदलला म्हणून सांगे.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "कुठं आलो?"

स्क्रीनवर निळा समुद्र होता, नारळाची झाडं होती. मामांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या ट्रकच्या रोजच्या रस्त्यावरचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं, "वरठीचं रेल्वेफाटक दिसून रायलं."

मामांचा चेहरा एकदम उजळला. "मंग बंदच असंन. उभी कर गाडी."

मी ब्रेक मारला. एकेक करत सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. मामा मांडीवर हात ठेवून निवांत बसले होते, मालगाडी जायची वाट पाहत.

"उघडलं का?"

"नाई, मामा. अजून नाई."

"काई घाई नाई," ते म्हणाले. "उघडलं की सांगजो."

मी हो म्हटलं.