खड्ड्यातल्या दोन टाळ्या

बर्नाडेट पावलाकने उजवा हात वर केला की आमची रांग तोंड मिटून बसते. आमचीच कशाला, मागच्या दहा-बारा रांगाही. ही बाई एकतीस वर्षं आमच्या बफेलो शहरातल्या एका शाळेत दुपारचं जेवण वाढायची. तीनशे पोरांचा कालवा ती एका तळहातावर थांबवायची, तिथे आम्हा पिकल्या केसांच्या चाहत्यांची काय कथा!

हात वर जातो तो एकाच गाण्यात. 'फॉगहॉर्न सेव्हन' हा आमचा बँड. सात जण, आमच्याच गावचे. गाणी रेडिओवर वाजणारी, भांडी घासताना गुणगुणता येतील अशी. पण आत जॅझ मुरलेला, त्यामुळे एकच गाणं दोन कार्यक्रमांत सारखं वाजलंय असं कधी होत नाही. म्हणून तर आम्ही एका उन्हाळ्यात सहा-सहा वेळा त्यांना ऐकायला जातो आणि घरच्यांची बोलणी खातो. त्यांचं 'विंटर कोट' नावाचं गाणं आहे. त्यात शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. चार ठोके काहीच वाजत नाही. मग एकटा सॅक्सोफोन येतो, आणि दर वेळी नव्या वाटेने येतो. त्या चार ठोक्यांना आम्ही 'खड्डा' म्हणतो. जाणकार माणूस खड्ड्यात श्वास रोखून बसतो. नवख्याला वाटतं गाणं संपलं, तो टाळ्या वाजवतो, आणि मग आमच्यात कायमचा 'पडलेला' ठरतो.

सगळ्यात मोठा पडलेला माणूस कोण, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७८ साली बँडने गावातल्या जुन्या नाट्यगृहात कार्यक्रम केला आणि त्याची रेकॉर्ड निघाली. त्या रेकॉर्डवर, ऐन खड्ड्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यावर दोन टाळ्या आहेत. एकाच माणसाच्या. पहिली दणदणीत, दुसरी अर्धवट दबलेली. मी पंधराव्या वर्षी ती पहिल्यांदा ऐकली आणि तेव्हापासून त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत आलो. माझं चष्म्यांचं दुकान आहे. काचेवरचा केसाएवढा ओरखडाही मला खपत नाही, आणि हा तर माझ्या सगळ्यात आवडत्या गाण्यावरचा ओरखडा.

बर्नाडेटचा नवरा चेस्टर. त्याला सगळे चेट म्हणायचे. पोलादाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला, दाराएवढा रुंद माणूस. एरी, रॉचेस्टर, क्लीव्हलंड, कुठेही कार्यक्रम असो, तो तिला गाडीने घेऊन यायचा आणि स्वतः गाडीतच बसून राहायचा. रेडिओवर पोलका, म्हणजे पोलिश मंडळींची नाचायची उडती गाणी लावून. कार्यक्रम संपला की तो डिकी उघडायचा. आत हॅमची सँडविचं, शिवाय त्याच्या आईच्या पद्धतीचे पाँच्की, म्हणजे आत आलुबुखाराचा मुरंबा भरलेले तळलेले गोळे. आम्ही सगळे डिकीभोवती उभे राहून खायचो आणि त्या दिवशीचा सॅक्सोफोन चघळायचो.

"चेट, तुम्ही आत का येत नाही हो कधी?" मी विचारायचो.

"माझे हात माझं ऐकत नाहीत, टेरी."

कारखान्यात काम केलेला माणूस, हात दुखत असतील, असं मी आपलं समजलो. मग गाडी कधी ना कधी त्या रेकॉर्डवर यायचीच.

"पण एकदा तो मला भेटायला हवा. कोण गाढव होता हो तो?"

"कुणीतरी पोलका ऐकणारा असेल," चेट म्हणायचा आणि माझ्या हातात आणखी एक सँडविच कोंबायचा. बर्नाडेट तेवढ्यात डब्यांची झाकणं शोधायला लागायची. हा संवाद आमच्यात पंचवीस वर्षं झाला असेल. दर उन्हाळ्याला.

चेट दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात गेला. बर्नाडेटने एक कार्यक्रम चुकवला. पुढच्याला बसने आली आणि तिचा हात नेहमीसारखा वर गेला.

त्यानंतरच्या वसंतात बातमी आली की त्या रेकॉर्डला चाळीस वर्षं होतायत म्हणून ती नव्याने निघणार, जुन्या टेप साफसूफ करून. मी तर हवेतच गेलो. आमच्या चाहत्यांच्या मंडळातर्फे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं: कृपा करून खड्ड्यातल्या त्या दोन टाळ्या काढून टाकाव्यात. दोनशे अकरा चाहत्यांच्या सह्या गोळा केल्या. राहिली फक्त बर्नाडेटची. ती सगळ्यात जुनी, बँडची माणसंही तिला नावाने ओळखतात. फोन केला की ती म्हणायची, बघू. शेवटी मी पत्र तसंच पाठवून दिलं आणि तिची सही मागाहून धाडावी म्हणून तिच्या घरी जाऊन धडकलो.

तिने स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी ओतली, खसखशीचा रोल कापला.

"मी सही करणार नाही."

"का पण?"

"नाही करायची म्हणून. साखर किती?"

मी व्याख्यानच सुरू केलं. इतकी वर्षं तुम्ही हात वर करताय तो कशासाठी, शांततेचं मोल तुम्हाला नाही कळणार तर कुणाला, वगैरे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, बाहेरच्या खोलीत जाऊन रेकॉर्ड लावली आणि सुई नेमकी 'विंटर कोट'च्या शेवटच्या कडव्यावर ठेवली. खड्डा आला. दोन टाळ्या वाजल्या. तिने सुई उचलून मागे ठेवली. परत दोन टाळ्या. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो.

"पहिली मोकळी आहे," ती म्हणाली. "दुसरी दबलीय. ऐकलंस?"

"मायक्रोफोनचा दोष आहे तो. आमचं सगळ्यांचं तेच मत—"

"दोष कसला बाळा. मी त्याचं मनगट धरलं होतं."

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा हातातला कप खाली ठेवावा लागला.

"आमची तिसरी भेट," ती सांगायला लागली. "चेट आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पोलका नाचून मोठा झालेला. तिथे वाजंत्री मध्येच थांबली की नाचणाऱ्यांनी दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुढचा फेरा धरायचा. चार वर्षांचा असल्यापासून तेच. इथे संगीत थांबलं आणि त्याचे हात चालले. ते काय लहानसहान हात होते? सगळं नाट्यगृह वळून बघायला लागलं. बाहेर आल्यावर मला म्हणतो, 'बर्नी, आता तू मला परत भेटणार नाहीस ना?' मी म्हटलं, 'मुकाट्याने गाडी काढ.' जूनमध्ये लग्न केलं."

"मग रेकॉर्ड निघाली."

"मग रेकॉर्ड निघाली. त्याने कानाला खडा लावला. पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही."

"पण मी तर त्यांना तोंडावर..." मला पंचवीस उन्हाळे आठवले. त्याच्या हातचं सँडविच खात खात मी त्याला गाढव म्हणत होतो.

"त्याला मजा वाटायची रे. घरी येताना हसत सुटायचा. म्हणायचा, टेरीने आज आणखी एक शिवी शोधलीय." ती हसली आणि मग तिचं हसू तोंडावरच राहिलं. "टेरी, त्याचा आवाज कुठेच नाही. फोनवर एक निरोप होता, तो फोन बदलताना गेला. घरी कुणाचं काही चित्रीकरण करायचं तर कॅमेरा कायम याच्याच हातात. एवढ्या दोन टाळ्या तेवढ्या आहेत. ही रेकॉर्ड माझ्यापाशी राहील, ते मला ठाऊक आहे. पण आत्ता कुठल्या तरी परक्या घरात कुणी ती लावली असेल, आणि चेट तिथे टाळ्या वाजवत असेल. मला ते बरं वाटतं. टाळ्या काढल्या तर नव्या लोकांच्या घरी तो कधी जाणारच नाही."

"पत्र गेलंय," मी सांगितलं. "गेल्या आठवड्यात."

"मग जाऊ दे," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत रोलचा आणखी एक तुकडा ठेवला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. कारण देता येत नव्हतं, कारण तिने मलाही शपथ घातली. आज लिहितोय तेही तिने स्वतःहून परवानगी दिली म्हणून. 'चाहत्यांचा विचार बदलला आहे,' एवढंच मी लिहू शकलो. दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत, त्यानुसार ध्वनी स्वच्छ करून माल छपाईला गेला आहे. जुलैत नवी रेकॉर्ड घरी आली. खड्डा लख्ख होता. चारही ठोके रिकामे. मंडळींनी माझी पाठ थोपटली, एकाने तर केक पाठवला. माझ्या बायकोने तो खाल्ला.

ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या बागेत बँडचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी चार वाजता. बर्नाडेटला मी गाडीने घेऊन गेलो. मागच्या सीटवर सँडविचचा डबा होता. आम्ही तिसऱ्या रांगेत नेहमीच्या जागी बसलो. पुढे आमचा रेकॉर्डिंगवाला काठीला मायक्रोफोन लावून सज्ज होता. हा माणूस प्रत्येक कार्यक्रम टिपतो, आणि आठवड्याभरात ते रेकॉर्डिंग जगभरच्या चाहत्यांच्या घरी पोचतं.

'विंटर कोट' सुरू झालं. शेवटच्या कडव्याला बर्नाडेटचा उजवा हात वर गेला. मागे रांगामागून रांगा गप्प होत गेल्या. वाद्यं थांबली. तळ्यावरचे पक्षी ऐकू यायला लागले.

दुसऱ्या ठोक्यावर मी टाळी वाजवली. जिवाच्या आकांताने, तळहात झणझणेल अशी.

बर्नाडेटने मान वळवली नाही. उजवा हात तसाच वर ठेवून तिने डाव्या हाताने माझं मनगट गच्च धरलं. तिसऱ्या ठोक्यावर दुसरी टाळी पडली ती अर्धवट, दबलेली.

मग सॅक्सोफोन आला. मागून फिस्कारे आले, शिव्या आल्या. पस्तीस वर्षांत मिळवलेली माझी सगळी अब्रू चार ठोक्यांत गेली, आणि मला रडू येत होतं. गाणं संपेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

आठवड्याभरात ते रेकॉर्डिंग सगळ्यांना पोचलं. माझ्या मागच्या रांगेतल्यांनी मला पाहिलं होतं, पण खुद्द टेरी मल्वी असं करेल यावर त्यांचाच विश्वास बसेना. मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर ओहायोच्या कुणीतरी चिडून विचारलं होतं, "खड्ड्यात टाळ्या वाजवणारा हा गाढव कोण?"

मी लिहिलं, "कुणीतरी पोलका ऐकणारा असेल."